फलकाचं एक टोक

या महिन्यात तीन पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्रानं बरीच जागा घेतली आहे. ते मला आटोपशीर करता आलं नाही, आणि करावंसंही वाटलं नाही.

प्रश्न : मॅडम, मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. इथल्याच एका पतसंस्थेत वसुली विभागात क्लार्क आहे, वीस वर्षं झाली. नाव छापू नका. गेल्या मार्च एंडला आमच्या साहेबांनी ठरवलं, थकबाकीदारांच्या दारात हलगी लावायची. आम्ही आठजण, दोन हलगीवाले आणि 'कर्ज भरा, ठेवीदारांना न्याय द्या' असा फलक. तिसरं घर एका लेथवाल्याचं होतं. २०२१ च्या पुरात त्याची मशिनं पाण्यात गेली, तेव्हापासून हप्ते थकलेले. सकाळी नऊला आम्ही दारात बसलो. गल्ली गोळा झाली. पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. त्याची बायको एकदा बाहेर आली, हात जोडून परत आत गेली. दहावीतला मुलगा सायकल घेऊन निघाला, त्याला आमच्यामधूनच वाट काढावी लागली. हलगी थांबली नाही. मी फलकाचं एक टोक धरलं होतं, दोन तास. आमचा शिपाई तेवढा 'डोकं दुखतंय' म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन उभा राहिला. पंधरा दिवसांत ते कुटुंब घराला कुलूप लावून गेलं. मुलगा पुढच्या पेपरला बसलाच नाही, असं नंतर कळलं.

मी कुणाला शिवी दिली नाही, कुणाच्या अंगाला हात लावला नाही. २०१९ च्या पुरात याच हातांनी दोन दिवस लोकांना बोटीत बसवलंय. मग त्या दिवशी मी असा कसा वागलो? आणि खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?
— एक क्लार्क, कोल्हापूर

उत्तर : 'मी फलकाचं एक टोक धरलं होतं' हे वाक्य तुम्ही लिहिलंत, म्हणून तुमचं पत्र निवडलं. दुसरं टोक धरणाऱ्यानं मला पत्र लिहिलेलं नाही.

माझे यजमान सहकार खात्यात होते, त्यामुळे वसुली कशी चढत जाते ते मी घरात बसून ऐकलंय. आधी नोटीस. मग फोन. मग जामीनदाराला गाठणं, तेही तो चार माणसांत असताना. मग घरी दोघं जाणार, पुढच्या महिन्यात चौघं. मग कुणीतरी म्हणतं, अमक्या संस्थेनं हलगी लावली आणि आठवड्यात पैसे आले. सहकार कायद्यातल्या कलम १०१ चा वसुली दाखला काढून रीतसर जप्ती करायची वाट आहेच. पण यजमान म्हणायचे, दाखल्याला महिने लागतात, हलगीला एक सकाळ पुरते. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तुम्हाला कुणी सांगितलं असतं की परीक्षेतल्या पोराच्या दारात वाद्य वाजवायचं आहे, तर तुम्ही घरी निघून गेला असता. तुम्हाला वीस वर्षांत एकेक पायरी चढवली गेली, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा वीतभरच उंच होती.

स्टॅन्ले मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं १९६१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात नेमकी अशीच शिडी बांधली होती. स्मरणशक्तीच्या अभ्यासाला माणसं हवीत, अशी त्यानं जाहिरात दिली. चार डॉलर आणि येण्याजाण्याचे पन्नास सेंट मिळणार होते. आलेली माणसं पोस्टातले कारकून, शिक्षक, विक्रेते, मजूर अशी होती. त्यांनी 'शिक्षक' व्हायचं, आणि भिंतीपलीकडच्या माणसाचं उत्तर चुकलं की विजेचा धक्का द्यायचा. यंत्राला तीस बटणं. पहिलं पंधरा व्होल्टचं, आणि दर बटणाला पंधरा वाढत शेवटचं चारशे पन्नासचं. धक्के खोटे होते, पलीकडचा माणूस त्यातलाच सामील होता, पण हे बटण दाबणाऱ्याला ठाऊक नव्हतं. राखाडी कोटातला प्रयोगकर्ता शांतपणे सांगायचा, 'पुढे चालू ठेवा'. जबाबदारी कुणाची असं विचारलं तर 'माझी' म्हणायचा. चाळीसपैकी सव्वीसजण शेवटच्या बटणापर्यंत गेले. हसत हसत गेले नाहीत. घाम फुटला, हात थरथरले, अनेकांनी वाद घातला. विरोध तोंडात होता, बोटात उतरला नाही.

लोकांना हा प्रयोग इथपर्यंतच माहीत असतो. मिलग्रॅमनं त्यानंतर मांडणी बदलून बदलून बरेच प्रयोग केले, आणि तुमचं पत्र त्यांतल्या एकात जसंच्या तसं बसतं. त्यात आलेल्या माणसानं बटण दाबायचं नव्हतं. ते दुसरा कुणीतरी दाबणार होता, यानं फक्त बाजूचं किरकोळ काम करायचं. त्या वेळी चाळीसपैकी सदतीसजण शेवटपर्यंत थांबले. म्हणजे हात थेट लागत नाही तेव्हा माणूस सगळ्यात जास्त टिकतो. हलगी हलगीवाल्यानं वाजवली. यादी साहेबांनी केली. ठराव संचालकांनी केला. शूटिंग पोरांनी केलं. तुम्ही फलक धरला. त्या मुलासमोर मात्र हे सगळं एकदमच उभं होतं.

दुसरी एक मांडणी मला याहून महत्त्वाची वाटते. शिक्षकाच्या बाजूला आणखी दोन 'शिक्षक' बसवले, मिलग्रॅमचेच सामील झालेले. ठरल्याप्रमाणे आधी एक उठला, मग दुसरा. त्यानंतर चाळीसपैकी फक्त चारजण शेवटपर्यंत गेले. यंत्र तेच, कोट तोच, चारशे पन्नासचं बटण तेच. शेजारचा उठला, एवढाच काय तो फरक.

आता तुमच्या शिपायाकडे बघा. त्याचं डोकं खरंच दुखत होतं का? मला नाही वाटत. त्याला ते बघवत नव्हतं, आणि तुम्हालाही बघवत नव्हतं. तो टपरीवर गेला, तुम्ही फलकामागे मान खाली घातलीत, आणि उरलेल्या सहांना वाटलं की सगळ्यांना हे मान्य आहे. तो टपरीवर न जाता तिथंच मोठ्यानं म्हणाला असता, 'साहेब, पोराचा पेपर आहे, आज नको', आणि तुम्ही फलक गुंडाळला असता, तर तिसरा कोण उठला असता ते तुम्हाला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं असतं.

पुरातल्या हातांबद्दल तुम्ही विचारलंत. त्या ऑगस्टमध्ये तुम्ही पाण्यात उतरलात तेव्हा तुमच्या आधी कुणी उतरलं होतं का, आठवून बघा. बहुतेक कुणीतरी उतरलं असणार. आणि तुमच्या मागून आणखी चारजण उतरले असणार. तुम्ही तेव्हाही हेच होता.

कोल्हापुरात या गोष्टीचं उदाहरण शोधायला येलला जावं लागत नाही. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा महाराच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना. शाहू महाराज गाडी थांबवून तिथला चहा मागवायचे. स्वतः प्यायचे आणि गाडीतल्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजायचे. एक कप प्यायला गेला की दुसऱ्याला 'कुणीच पीत नाही' असं म्हणता येत नाही.

तुम्ही म्हणाल, ते राजे होते, मी क्लार्क. बरोबर आहे. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. मी असते तर काय केलं असतं याचा अंदाज मला बांधावा लागत नाही. मी काय केलं ते मला माहीत आहे.

१९९३ साली मी एका मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत होते, मिलग्रॅमसुद्धा. एका मुलीचे दोनशे रुपये गेले. दोन दिवस कुजबूज झाली आणि बोट एका मुलीकडे वळलं. गगनबावड्याकडच्या वाडीवरची, फीमाफीवर आलेली. समितीनं ठरवलं, तिची पेटी सगळ्यांसमोर उघडायची, म्हणजे इतरांना जरब बसेल. त्यासाठी मला कुणी दम दिला नाही. 'वसतिगृहाच्या नावाचा प्रश्न आहे' एवढंच अध्यक्ष म्हणाले आणि ते मला पटलं. साठ मुली अंगणात उभ्या केल्या. यादी माझ्या हातात होती. एकेक वस्तू बाहेर काढायची आणि मी मोठ्यानं वाचायचं. दोन परकर. एक शाल. वह्या. शेवटी जुन्या पातळाच्या फडक्यात बांधलेले भाकरीचे वाळलेले तुकडे निघाले. मेसमध्ये उरलेल्या भाकरी ती वाळवून ठेवत होती, सुट्टीत घरी न्यायला. तेही मी वाचलं.

पेटी उघडण्याआधी स्वयंपाकाच्या मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या होत्या. म्हणाल्या, 'मॅडम, पोरीची पेटी आत नेऊन उघडा की. असं सगळ्यांम्होरं नगं.' तिथं सगळ्यात कमी पगार त्यांचा, नोकरी रोजंदारीची. मी म्हणाले, 'मावशी, तुम्ही आत जा.' त्या आत गेल्या. त्यांच्या मागं दुसरं कुणी बोललं नाही, कारण रेक्टरनंच त्यांना आत पाठवलं होतं.

पैसे चार दिवसांनी ज्या मुलीचे गेले होते तिच्याच जर्नलमध्ये सापडले. तोवर पेटीवाली मुलगी निघून गेली होती. तिच्या गावाच्या पत्त्यावर मी दोन पत्रं टाकली. दुसरं परत आलं. पहिल्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही. अठरा वर्षांनी मावशी मला महाद्वार रोडवर भेटल्या. त्यांना मी तो सगळा प्रसंग सांगितला, माफी मागितली. त्यांना काही आठवेना. 'व्हय काय? म्हटलं आसंल,' म्हणाल्या, आणि नातवाला फुटाणे घ्यायला वळल्या. त्यांना ते आठवायला हवं होतं, असं मला फार वाटत होतं.

तेव्हा तुम्ही काय करावं, ते माझ्या चुकीवरून सांगते. मी पत्रं टाकली, गेले नाही. तुम्ही जा. ते कुटुंब कुठे गेलं हे संस्थेच्या वसुली विभागाला माहीत नसेल असं होत नाही. जाताना साहेबांना विचारू नका आणि कर्जाचा कागद बरोबर नेऊ नका. 'मी नोकर माणूस' हे वाक्य दारातच सोडा, ते खरं असलं तरी. मुलाची भेट झाली तर त्याच्याशी वेगळं बोला. राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा असते. फॉर्म, शाळेत जाणं, फी, जे लागेल ते करा. त्यानं दार लावून घेतलं तर तो त्याचा हक्क आहे. माफी मिळायला हवी असा हट्ट धरून जाऊ नका.

आणि पुढच्या फेब्रुवारीत, हलगी ठरायच्या आधी, त्या शिपायाबरोबर टपरीवर चहा घ्या. त्याला विचारा, 'त्या दिवशी डोकं खरंच दुखत होतं का रे?' मीटिंगमध्ये तुम्ही दोघं असायला हवेत.

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. करतोय. स्टॅनफर्डच्या तुरुंगाचा प्रयोग खोटा होता असं आता म्हणतात. मग 'परिस्थिती माणसाला बिघडवते' हे शिकवायचं तरी कशाला? आणि सगळं परिस्थितीवर ढकललं तर गुन्हेगार सुटणारच की.
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : तुझा राग रास्त आहे आणि त्यातला थोडा माझ्यावरही निघायला हवा. १९७१ च्या ऑगस्टमध्ये फिलिप झिम्बार्डो या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लुटुपुटूचा तुरुंग मांडला, चोवीस तरुण निवडले, नाणेफेक केल्यासारखे पहारेकरी आणि कैदी असे वाटले, आणि दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला. वर्गात मी हे वर्षानुवर्षं असं सांगितलं की गणवेश चढवला आणि माणूस आपोआप क्रूर झाला. हे चूक होतं. पहारेकऱ्यांना कसं वागायचं ते आधीच सुचवलं होतं. एक पहारेकरी मवाळ वागत होता, तर 'जेलर' झालेल्या विद्यार्थ्यानं त्याला कडक हो म्हणून गळ घातली, त्याचं ध्वनिमुद्रण आहे. २००२ मध्ये ॲलेक्स हॅसलम आणि स्टीफन रायशर यांचा अशाच तुरुंगाचा प्रयोग बीबीसीवर दाखवला गेला. त्यात पहारेकऱ्यांची एकजूटच झाली नाही आणि कैदी त्यांना भारी पडले.

म्हणजे गणवेशात जादू नाही. मग कशात आहे? जेरी बर्गर यांनी मिलग्रॅमचा प्रयोग सौम्य करून पुन्हा केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दीडशे व्होल्टच्या पुढं कुणाला जाऊ द्यायचं नाही, एवढी मर्यादा घातली. तरी सुमारे सत्तर टक्के लोक तिथून पुढं जायला तयार होते. पण कुणी अडला की त्याला ठरलेली चार वाक्यं ओळीनं म्हणायची होती, आणि त्यातलं चौथं होतं 'तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढं जावंच लागेल'. त्या वाक्यापर्यंत जे पोचले त्यांच्यातला एकही पुढं गेला नाही. उघड हुकूम आला की लोक ताठ उभे राहिले. 'प्रयोगासाठी हे गरजेचं आहे' यावर मात्र ते बटण दाबत होते.

हे नीट धरून ठेव. वरच्या पत्रातल्या फलकावर काय लिहिलं होतं ते परत वाच : 'ठेवीदारांना न्याय द्या'. ठेवी खऱ्या आहेत, म्हातारपणाला ठेवलेल्या आहेत, त्या बुडू नयेत हे बरोबरच आहे. मला 'वसतिगृहाचं नाव' सांगितलं गेलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षुकीला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं, तेव्हा डोक्यात होतं 'आपली पोरं वाचवायची'. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. माणसाला बाजूला नेऊन 'क्रूर हो' असं कुणी सांगत नाही. त्याला एखादं चांगलं काम दिलं जातं आणि त्या कामाच्या नावाखाली एक माणूस उभा केला जातो.

गुन्हेगार सुटतात का, तर नाही. मिलग्रॅमच्या पहिल्या प्रयोगात चाळीसपैकी चौदाजण थांबलेच होते की. परिस्थिती सगळ्यांना सारखी होती, तरी चौदाजण थांबले, म्हणून उरलेल्या सव्वीसांनाही थांबता आलं असतं. कारण समजून घेणं आणि माफ करणं ही दोन कामं आहेत. तुझ्या प्रबंधात त्यांची सरमिसळ करू नकोस. आणि प्रयोग जुना झाला म्हणून टाकून देण्याआधी त्याची मूळ मांडणी स्वतः वाच. मी फार उशिरा वाचली.

प्रश्न : बाई, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जानेवारीत तावडे हॉटेलच्या चौकात एक दुचाकीवाला पडला, डोक्यातून रक्त येत होतं. आम्ही चाळीस-पन्नास लोक बघत उभे होतो. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर उभा करून उतरला आणि त्यानं सगळं केलं. (त्यानं माझ्याकडे पाण्याची बाटली मागितली, ती मी दिली.) मला रात्री झोप येत नाही. मी दगड आहे का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : नाहीस. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून फक्त आवाजानं जोडलं, आणि त्यातल्या एकाला झटका आल्याचं सगळ्यांना ऐकवलं. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटत होतं त्यांतले पंच्याऐंशी टक्के तो बोलत असतानाच मदतीला उठले. आणखी चारजण ऐकताहेत असं वाटत होतं त्यांतले एकतीसच. न उठलेले निवांत नव्हते, घाबरलेले होते. प्रत्येकजण दुसरा उठायची वाट बघत होता.

तरी 'गर्दी वाईट' असं मनात धरू नकोस. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण २०१९ मध्ये तपासलं गेलं, तेव्हा दहातल्या नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं. तुमच्या चौकातही पडला, ट्रॅक्टरवाला. पोलिसांच्या लचांडाची भीती असेल तर मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४-अ वाच. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्याचं खापर फुटत नाही, आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

पाण्याच्या बाटलीचं तू कंसात लिहिलंयस. ते मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पन्नास माणसांत त्यानं तुझ्याकडे बघून मागितलं आणि तुझा हात लगेच हलला. पुढच्या वेळी तू तसं माग. 'कुणीतरी फोन करा हो' असं हवेत बोलू नकोस. एकाकडे बोट दाखव : 'ओ लाल जर्किनवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा. काकू, तुमची ओढणी द्या.'